राक न्याया या

आमच्या उत्रोलीच्या घरात मासिकं ठेवायच्या सात रॅक होत्या आणि मासिक एकही येत नव्हतं. घर म्हणजे दोन खोल्या, मागच्या खोलीत चूल, परड्यात एक शेळी. खुर्ची नव्हती, घड्याळ नव्हतं, पाहुणा आला की त्याला पोतं अंथरायचो. पण तो पोत्यावर बसला की त्याच्या डाव्या हाताला सागवानी रॅक, उजव्या हाताला काळ्या तारेची, आणि पाठ टेकायला गेला तर मागं वेताची. बिचाऱ्याला हलायची चोरी. आई म्हणायची, "पावन्यानं हितं बसावं का उबंच ऱ्हावं, त्ये तरी सांगा." आबा हसायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते मनापासून हसले की त्यांना खोकला यायचा, म्हणून पुढं पुढं आई त्यांना हसवायचं टाळायला लागली, पण ती गोष्ट नंतरची.

सागवानी रॅक मला कळायला लागायच्या आधीच घरात आली होती. दोन फळ्या, खाली मिटलेल्या आणि वर उघडलेल्या, पुस्तक पाठीवर उभं धरावं तशा. चार बारीक पाय, बाहेर फाकलेले, नुकत्या जन्मलेल्या वासराचे असतात तसे, आणि पायांच्या टोकाला पितळी टोपणं. तारेच्या रॅकला पायांशी लाल-पिवळ्या लाकडी गोळ्या होत्या. माझा धाकटा भाऊ बाळू रांगता असताना त्या गोळ्या चोखायचा, त्यामुळं एका गोळीचा रंग कायमचा गेला. एका रॅकला कापडाची झोळी होती, एकीला मधोमध धरायची मूठ. सगळ्या त्या काळातल्या, सरळ रेघांच्या, अंगावर नक्षीचा ठिपका नाही. परवा बाळूची मुलगी, माझी भाची, पुण्याहून आली होती. ती लोकांची घरं सजवून द्यायचं काम करते. माझ्याकडं उरलेल्या तीन रॅकचे तिनं मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाली, "आत्या, हे मिड-सेंच्युरी मॉडर्न आहे. विंटेज. लोक शोधत फिरतात." मी म्हटलं, "फिरू देत. हे तुझ्या आजोबांचं आहे." तिला वाटलं मी भाव वाढवते आहे.

आबा भोरजवळच्या एका सरकारी बंगल्यावर चौकीदार होते. धरणाच्या कामावरचे इंजिनियर, पाहणीला येणारे साहेब, त्यांच्या बायका-मुलं असे सगळे तिथं उतरायचे, आणि काही जण तर वर्ष वर्ष मुक्काम ठोकायचे. बदली झाली की ट्रक यायचा. पलंग चढायचा, कपाट चढायचं, पाळणा चढायचा, आणि शेवटी अंगणात एखादी वस्तू उरायचीच. बहुतेक वेळा ती रॅक असायची, कारण तिच्यावर काही रचता येत नाही आणि तिचे पाय दुसऱ्या सामानात अडकतात. साहेब म्हणायचे, "तुला हवी तर घेऊन जा." आबांना हवीच असायची. मग ती डोक्यावर घेऊन ते भातखाचरांच्या बांधावरून घरी यायचे, आणि आई दारातच कपाळाला हात लावायची.

त्या बंगल्यात आबांना सगळीकडं हात लावायची मुभा नव्हती. खानसामा जुन्या वळणाचा होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, माठाला शिवायचं नाही, पाणी हवं असलं तर दाराशी उभं राहून ओंजळ पुढं करायची. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खानसाम्याच्या माठाला ते कुणी कळवलं नव्हतं. साहेब लोकांना ह्यातलं काही ठाऊक नसायचं, किंवा ठाऊक असायचं आणि ते पेपर वाचत बसायचे. तो पेपर मात्र आबांनीच एसटीवरून आणायचा, वाचून झाला की घडी घालायची आणि दिवाणखान्यातल्या रॅकमध्ये नीट उभा लावायचा. मासिकंही आबांच्याच हातानं लागायची. सबंध बंगल्यात आबांच्या हातानं न विटाळणारी वस्तू ती एकच होती. हे मला कुणी सांगितलं नाही, मोठेपणी माझं मलाच उमगलं. उमगलं तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दीक्षा घेतल्यावर आबांनी घरातले देव नदीला दिले होते. देव गेले, पण भिंतीशी त्यांची जागा तशीच मोकळी राहिली होती. आई तिथं काही ठेवायला धजायची नाही आणि आबाही काही ठेवायचे नाहीत. सागवानी रॅक आली ती त्या जागेवर बसली. वर भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली रॅक, रॅकमध्ये बंगल्यावरून आणलेले शिळे पेपर आणि इंग्रजी मासिकं. आबांना मराठी अक्षर लावून लावून वाचता यायचं, इंग्रजी अजिबात नाही. पण रविवारी सकाळी ते एकेक मासिक बाहेर काढायचे, फडक्यानं पुसायचे, चित्रं बघायचे आणि परत उभं लावायचे. मला बोलावून म्हणायचे, "सुमे, ह्या बाईच्या हातात काय हाय बग." मी म्हणायची, "कसलातरी साबन हाय आबा." ते मान डोलवायचे. रॅकमध्ये कागदाशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही हा त्यांचा नियम होता. आईनं एकदा वेताच्या रॅकमध्ये लसणाच्या गड्ड्या ठेवल्या, तेव्हा त्यांनी गड्ड्या उचलून शिंकाळ्यात ठेवल्या आणि रॅक उन्हात नेऊन ठेवली. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बग तुज्या बाचं सोवळं. देवाचं गेलं आन् ह्येचं आलं."

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या भागात जुनी माणसं ख म्हणत नाहीत. सुखाचं सुक होतं, दुखण्याचं दुकणं होतं आणि राखेची राक होते. रॅक हा इंग्रजी शब्द आबा बंगल्यावरून शिकून आले, तोही गावच्या तोंडात पडून राकच झाला. चुलीत राक आणि भिंतीशीही राक. घरात त्यावरून चेष्टा चालायची. आई सकाळी चूल साफ करताना ओरडायची, "सुमे, राक भायेर टाक," आणि आबा आतून म्हणायचे, "माजी न्हवं गं, तिची." वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा तर गंमतच झाली. माझा मामा पासलीचा, त्यानं डॉक्टर एक रॅक टाकून चाललेत असा निरोप दिला. आबा वेल्ह्याला गेले आणि ती डोक्यावर घेऊन नसरापूरपर्यंत चालत आले, मामा सोबतीला. वाटेत एक म्हातारा भेटला. त्यानं विचारलं, "पाळना व्हय रं?" आबा म्हणाले, "न्हाई बाबा, राक हाय." म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाची?" आबा म्हणाले, "वेल्ह्याच्या डाक्टरची." म्हाताऱ्यानं डोईचं मुंडासं काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "लई चांगला मानूस व्हता." मामा ही गोष्ट भाताचं पोतं घेऊन यायचा तेव्हा दर वेळी सांगायचा, आणि आम्ही दर वेळी हसायचो.

आबांचा खोकला आधी थंडीतला होता, मग बारमाही झाला. ते वाळत चालले. सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. एका सकाळी परड्यात खोकून आल्यावर त्यांनी थुंकलेल्या जागेवर पायानं माती लोटली, आणि आईनं ते पाहिलं. त्या दिवसापासून आईच्या जिवाला घोर लागला. तिचा एक भाऊ असाच माती लोटता लोटता गेला होता. तिनं आबांचा पिच्छा पुरवला. शेवटी बंगल्यावर उतरलेल्या एका डॉक्टरांनी आबांना तपासलं आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढा म्हणाले. आबा कुरकुरत होते. पण त्याच सुमाराला बंगल्यावर पूर्वी राहिलेल्या एका इंजिनियर साहेबांनी पुण्याहून सांगून पाठवलं होतं की घरी नवं सामान केलंय, जुनी रॅक पडली आहे, आलास तर घेऊन जा. तेवढ्यानं आबा तयार झाले. आई मला म्हणाली, "छातीसाठी जात नव्हतं, राकेसाठी चाललं बग." जाताना आबांनी स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली. पुण्यात नाल्याकाठच्या वस्तीत आमचे महादूकाका राहायचे, आबांचे चुलतभाऊ, बाजारात हमाली करायचे. त्यांच्याकडं उतरायचं ठरलं. आईनं विचारलं, "कवा येताल?" आबा म्हणाले, "फोटू निगाला की आलोच."

ते गेले आणि पाऊस लागला. आमच्याकडं पावसाचं कुणाला कौतुक नाही, लावणीनंतर तो लागतोच. पण त्या वेळी ओढे रस्त्यावर आले, कापूरहोळाकडून येणारी एसटी बंद पडली. आई दिवसातून चार वेळा फाट्याकडं बघून यायची. जेवताना तिचा घास हातात राहायचा. तिनं मला एकदा विचारलं, "फोटूत समदं दिसतं का गं? आतलं?" मी शाळेत जाणारी, मला माहीत असायला हवं असं तिला वाटायचं. मी म्हटलं, "दिसतं." ती म्हणाली, "मंग दिसू दे. आन् त्यात काय नसू दे." रात्री ती देवाच्या जुन्या जागेकडं तोंड करून बसायची. तिथं आता रॅक होती, पण तिची सवय गेली नव्हती.

पाऊस उघडला आणि एसटी सुरू झाली. पहिली गाडी फाट्यावर आली तेव्हा आम्ही दोघी तिथंच होतो. गावातल्या चार बायका भोरला निघालेल्या, त्याही होत्या. गाडी थांबली, दारातून कंडक्टर वाकला. तो वेल्ह्याकडचा होता, ह्या रस्त्यावर नेहमी असायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्यानं विचारलं, "बंगल्याच्या चौकीदाराची मंडळी कोन हाय हितं?" आई पुढं झाली. तो म्हणाला, "पुन्यास्नं निरोप हाय बाई. महादू म्हनून हाय त्याचा. राक न्याया या म्हनं."

आई हसली. मी आजही ते हसू बघू शकते. किती दिवसांचा घोर तिच्या तोंडावरून एकदम उतरला. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बग. ज्याला राक सुचती त्याला काय झालंय? उगा म्या जीव टांगून घेतला." आणि पुन्हा मास्तरकडं बघून, हसतच, म्हणाली, "केवडी हाय वो? एकलीला झेपंल का मानूस आनू?"

मास्तर तिच्याकडं बघतच राहिला. तो म्हणाला, "मला काय ठावं बाई. म्या निरोप्या." फाट्यावरच्या बायका चढल्या, घंटी वाजली, आणि त्या खिडकीतून आमच्याकडं बघत गेल्या. मला ते बघणं विचित्र वाटलं, पण मीही हसतच होते. घरी येऊन आईनं भराभर तयारी केली. नाचणीच्या भाकरी टाकल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली, आबांना ती फार आवडायची. जत्रेत घेतलेलं हिरवं लुगडं नेसली. एसटीच्या टपावर रॅक बांधायला एक मोठं गोणपाट घेतलं आणि शेळीचा दोर सोडून तोही घेतला. बाळूला शेजारी ठेवलं आणि दुपारच्या गाडीनं आम्ही पुण्याला निघालो. वाटेत कामथडीच्या आसपास गाडी चिखलात थांबली, तेव्हा आई मला रॅकच्या जागा सांगत होती. कुठली कुठं सरकवायची, नवी कुठं बसवायची. आजवर तिनं रॅकना शिव्याच दिल्या होत्या.

महादूकाकांची खोली पत्र्याची, दारापुढं एक लिंबाचं झाड. झाडाच्या खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं टांगलं होतं. आम्ही त्याच्या खालून वाकून आत गेलो. काका घरातच होते, डोकं भादरलेलं. मला वाटलं उवा झाल्या असतील. आईनं काखेतलं गोणपाट आणि दोर खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठं हाय राक? आन् ह्ये कुठं गेलं?"

काका हळू आवाजात म्हणाले, "वैनी, राक भायेर बांदलीया. झाडाला. घरात कशी आननार."

आई म्हणाली, "भायेर? आन् पावसात? लाकूड फुगंल की भावजी."

चुलीपाशी काकू होती, तिनं आईच्या हिरव्या लुगड्याकडं बघितलं, गोणपाटाकडं बघितलं, आणि काय घोटाळा झालाय ते तिच्या ध्यानात आलं. ती उठून आली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. आई तिला विचारत होती, "काय झालं? आगं काय झालं ते सांग की." मी सगळ्यांत आधी दाराबाहेर बघितलं. आईनं माझी नजर कुठं गेली ते पाहिलं आणि मग तिनंही बघितलं.

झालं होतं ते असं. फोटो काढायच्या आधीच, दवाखान्याच्या रांगेत, आबांना मोठी उबळ आली आणि रक्ताची उलटी झाली. त्यांनी दोन दिवसही काढले नाहीत. काकांनी तेव्हाच गावाकडच्या एका माणसाला धाडलं होतं, 'दादा लई शिक हाय, निगून या' असं सांगून. आमच्यात मेल्याचा निरोप मेला म्हणून देत नाहीत, शिक म्हणजे आजारी आहे म्हणतात आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं. तो माणूस कामथडीला पाण्यात अडकला आणि परत फिरला. काकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी वाट बघितली, आणि मग वस्तीतल्या लोकांनी सांगितलं की आता ठेवता येत नाही. आम्हाला कळलंय, पण पाण्यामुळं येता येत नाही, अशा समजुतीत त्यांनी आबांना अग्नी दिला, आणि एसटी सुरू झाल्यावर दुसरा निरोप धाडला. इंजिनियर साहेबांच्या घरी आबा गेलेच नव्हते. ती रॅक कशी होती ते मला आजतागायत माहीत नाही.

मी लोकांच्या घरी मयताचा निरोप द्यायची वेळ आली की 'मेले' असाच शब्द वापरते. माझ्या नात्यातल्या कित्येकांना तो आवडत नाही. बाई शिकलेली आहे पण तोंडाला चव नाही असं माघारी म्हणतात. म्हणोत बापडे.

परतीच्या गाडीत मडकं गोणपाटात गुंडाळून आईच्या मांडीवर होतं. दोर माझ्याकडं. भाकरी-चटणी तशीच होती, गाडीभर बोंबलाचा वास सुटला होता आणि एक माणूस नाक धरून खिडकीकडं तोंड करून बसला होता. आई रडत नव्हती. एवढंच म्हणत होती, "म्या हासले गं सुमे. लोकांदेकत हासले." पासलीहून मामा आला, त्यानं आणि बाळूनं राख नदीला दिली. गेलेल्या माणसाला पाणी द्यायची गावातली रीत पुरी झाली. मग खरं सुरू झालं. फाट्यावरच्या बायकांनी गोष्ट भोरात नेली होती आणि भोराहून ती गावात परत आली होती. नवऱ्याची राख न्यायचा निरोप आला तर ही बाई हसली. केवढी आहे म्हणून विचारलं. हिरवं लुगडं नेसून गेली. पाणवठ्यावर आई गेली की बोलणं थांबायचं. लावणीत जी जाऊ आईच्या बरोबरीनं चिखलात उभी होती, ती काढणीला शेताच्या दुसऱ्या टोकानं ओळ धरायची. आईनं स्वतःचं बोलणं कमी केलं. माझी आई त्या वर्षी डोळ्यांसमोर लहान होत गेली, आणि मला ते बघवत नव्हतं.

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा शेजारणीला म्हणाली, "म्या राक समजले गं, राक न्हाई समजले." शेजारीण म्हणाली, "व्हय बाई. राकच व्हती ना." आईच्या तोंडात दोन्ही शब्द एकच होते. तिच्यावर जो आळ आला होता तो खोडायला तिच्यापाशी भाषाच नव्हती. त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी आली, मी अभ्यास करत होते. म्हणाली, "तुमी साळंत कसं म्हनता, चुलीतलीला? मला शिकव."

मग मी तिला ख शिकवला. चुलीसमोर बसायचो. मी म्हणायची, "तोंडातनं वारा यायला पायजे आई." वारा कसा काढायचा ते तिला समजेना, म्हणून मी तिच्या तळहातावर चुलीतली चिमूटभर राख ठेवली आणि तो हात तिच्या तोंडापुढं धरला. ख बरोबर आला तर ती उडायची. आई म्हणायची, "राक." राख जागेवर. पुन्हा म्हणायची, "राक." मग चिडून जोरात फुंकायची, तेव्हा राख माझ्या डोळ्यांत. भात काढणीला आला तरी तिला जमेना. भाकरी थापताना पुटपुटायची, शेळीला पाला घालताना पुटपुटायची. बाळू तिची नक्कल करायचा, त्याला तिनं एक चापट दिली. एका सकाळी ती परड्यातून आत आली, माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "राख." तळहातावरची राख उडून तिच्याच पदरावर पडली. ती हसली नाही. म्हणाली, "आता मास्तरला गाटायचा. निरोप त्यानंच आनला, त्यालाच सांगनार. समद्यांसमोर."

तो भोरच्या बाजाराचा दिवस होता. फाट्यावर निम्मं गाव उभं होतं, पाट्या, कोंबड्या, पोरं. त्या बायकाही होत्या. आई पाटी न घेता मोकळ्या हातानं गेली होती, मी तिच्या मागं. गाडी आली, दार उघडलं, मास्तर दारात. लोक चढायला लागले तशी आई त्यांना बाजूला सारून पुढं झाली आणि म्हणाली, "मास्तर, वळकलं का?" त्यानं ओळखलं. तो खाली उतरला आणि उभा राहिला. बायका थांबल्या. आईनं पदर सावरला, दम घेतला आणि म्हणाली, "त्या दिशी तुमी मला निरोप दिला. मला राख ऐकू आलं न्हाई. राक ऐकू आलं. कागुद ठेवायची असती, ती. म्हनून म्या हासले." राख तिनं इतकं स्वच्छ म्हटलं की माझ्या शाळेतल्या बाईंनाही तसं जमलं नसतं. मी तिच्या पाठीशी उभी होते आणि मला वाटलं, झालं, सुटली.

मास्तरच्या डोळ्यांत खरंच कणव होती. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं पिशवी सावरली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "बाई, म्या बी त्येच म्हनलो व्हतो की. राक. राक न्याया या म्हनून. न्हाई का?" त्यानं बायकांकडं बघितलं. त्यातली एक म्हणाली, "व्हय, आमी बी ऐकलं, राकच म्हनला त्यो." दुसरी आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या वैनी. दुकानं मानसाच्या डोस्क्यावर परिनाम व्हतो. आता कोन काय बोलत न्हाई." त्यांनी मनापासून म्हटलं. मग सगळ्या गाडीत चढल्या, मास्तरनं घंटी ओढली आणि गाडी भोरकडं गेली.

मी आईचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही. घरी येऊन तिनं शेळी सोडली, बाळूला जेवायला घातलं आणि चूल साफ करायला बसली. आई त्यानंतर खूप वर्षं जगली. गावानंही ती गोष्ट पुढं सोडून दिली. पण चुलीतलं काढायचं असलं की ती मला "त्ये काड" म्हणायची आणि भिंतीशी असलेल्या रॅक पुसायच्या असल्या की "त्येंच्या त्या पूस" म्हणायची. तो शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही, क लावूनही नाही आणि ख लावूनही नाही.